कामिनी प्रेमराज, मयत

१

"तू कामिनी प्रेमराजच ना? चोपड्याकडची?"

"हो, सर."

पितांबर सरांनी खुर्ची मागे सरकवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. धुळ्याच्या त्या नर्सिंग कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल त्यांच्याकडे होतं. कोणाकडे मान वर करून बघायची त्यांना सवय नव्हती, म्हणूनच कामिनीला ते बघणं खटकलं. त्यांनी मॉनिटर तिच्या बाजूला वळवला.

अर्ज नामंजूर. कारण: अर्जदार मयत.

कामिनीने ते दोनदा वाचलं. तिला आधी हसू आलं. मग कार्यालयातला पंखा, मागे रांगेत उभ्या मुली, दाराबाहेर चहावाल्याचा आवाज, सगळं दूर गेल्यासारखं झालं.

"सर, चूक आहे ही. मी उभी आहे ना तुमच्यासमोर."

"मला दिसतेस. पोर्टलला दिसत नाहीस." पितांबरांनी आवाज खाली आणला. "तुझ्या आधार नंबरावर आधीच एक विद्यार्थिनी आहे. भुसावळजवळच्या एका पॅरामेडिकल संस्थेत. ती शिकत होती, शिष्यवृत्ती घेत होती आणि आता मेली. मृत्यूचा दाखलाही चढवलाय."

"पण मी भुसावळ फक्त गाडीतून पाहिलंय!"

बारावीनंतर कामिनीची दोन वर्षं घरीच गेली होती. पहिल्या वर्षी प्रवेश हुकला, दुसऱ्या वर्षी आईचं ऑपरेशन निघालं. यंदा प्रवेश परीक्षेत गुण पडले आणि नर्सिंगला नंबर लागला. मुलींची पूर्ण फी सरकार भरतं, त्या भरवशावर कॉलेजने एक पैसा न घेता तिला वर्गात बसवलं होतं. पद्धत तीच होती: विद्यार्थ्याने अर्ज करायचा, कॉलेजने पडताळायचा, जिल्हा कार्यालयाने मंजूर करायचा, मग पैसे आधारला जोडलेल्या खात्यात. अर्जच मेला, तर फी तिच्या वडिलांनी भरायची. नाही भरली तर परीक्षा नाही.

"आता काय करू, सर?"

पितांबरांनी रांगेकडे नजर टाकली. "एक सांगू? फार आवाज करू नकोस. हे करणारी माणसं साधी नसतात."

ती बाहेर आली तेव्हा हातातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"हॅलो? कोण?"

पलीकडे कोणी बोललं नाही. फक्त श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. मग फोन कट झाला.

२

शनिवारी ती गावी गेली. आबांना, म्हणजे वडिलांना, तिने हळूहळू सांगायचं ठरवलं होतं. पण उंबऱ्यातच तिचा बांध फुटला आणि सगळं एका दमात बाहेर पडलं. मयत हा शब्द ऐकताच तिची आई, सुनंदाबाई, मटकन खाली बसली.

"मनी पोरनी कोनं काय बिगाडं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "जित्ती पोर मारी टाकी!"

आबांनी बंडीच्या खिशातला साधा बटणांचा फोन उगाच बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. तो फोन ते झोपतानाही उशाशी ठेवत आणि घरच्या माणसाशिवाय कोणाच्या हाती देत नसत.

बातमी कळताच भूषण धावत आला. भूषण म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा. मुलांना कॉलेजांत प्रवेश मिळवून द्यायचं काम करायचा, त्यामुळे गावात त्याला मान होता. कामिनीच्या बारावीनंतरही तोच कागद घेऊन फिरला होता. त्याने आत येऊन मामीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नका, मामी. आपल्या शेतात विहीरच नाही, तर पोर विहिरीत पडेल कशी? कागदावरचं मरण आहे ते. मी बघतो सगळं."

त्याच्या त्या बोलण्याने घराला धीर आला. सुनंदाबाई उठून चहाला लागली.

"तू मात्र थोडे दिवस घरीच राहा, कामिनी," तो नंतर अंगणात म्हणाला. "ज्यांनी कागदावर मारलं, त्यांना जिवंत बाई अडचणीची वाटणार. समजतंय ना मी काय म्हणतो ते?"

तिला समजलं. परतीच्या एस.टी.त कोणी दोनदा वळून पाहिलं तरी ती ओढणीने चेहरा झाकून घेई. धुळ्याच्या स्टँडवर उतरली तोच फोन वाजला. पुन्हा तो श्वास. या वेळी मात्र कट व्हायच्या आधी एक पुरुषी आवाज अर्धवट उमटला.

"तुम्ही... कामिनीच का?"

३

होस्टेलच्या खोलीत मेघा तिच्यासोबत राहायची. तिने कामिनीला सरळ आपल्या मावशीपुढे नेऊन बसवलं. नूतन मावशी, सगळ्यांच्या नूतनताई, धुळ्याच्या कोर्टात वकिली करत. बोलणं तोडकं, आणि समोरच्याला चहा दिल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही, ही त्यांची रीत.

"घाबरलीस?"

"हो."

"बरं झालं. घाबरलेलं माणूस नीट आठवतं. आता सांग, तुला मारून कोणाचा फायदा?"

"माझ्या नावावर पैसे खात होते त्यांचा."

"चूक," नूतनताई म्हणाल्या. "तू त्यांच्या कागदावर जिवंत होतीस तेव्हाच पैसे येत होते. दुभती म्हैस कोणी मारतं का? मग का मारली? आणि मारायचीच कशाला? 'कॉलेज सोडलं' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. हे कळलं की माणूस कळेल."

दुसऱ्या दिवशी त्या कामिनीला घेऊन पितांबरांना भेटल्या. पितांबर आधी उर्मटपणे बोलले, मग दार लावून घेऊन बोलले. पूर्वी एका संस्थेच्या खोट्या विद्यार्थ्यांबद्दल त्यांनी तोंड उघडलं होतं. आठवड्याच्या आत त्यांची मोटारसायकल दारात जळाली.

"मी या पोरीला वाचवायलाच गप्प बस म्हटलं, मॅडम. आणखी एक सांगतो. यंदा खात्याने फर्मान काढलंय, प्रत्येक संस्थेत जाऊन विद्यार्थ्याला समोर उभं करायचं आणि चेहरा पडताळायचा. सोडून गेला म्हणाल तर त्यालाही जबाबाला आणायचं आणि पैसे परत भरायचे."

नूतनताईंनी कामिनीकडे पाहिलं. "मिळालं उत्तर. मेलेल्याला कोणी समोर उभं करा म्हणत नाही."

मग जळगावच्या शिष्यवृत्ती कार्यालयात लेखी तक्रार देऊन दोघी चोपड्याला रुपचंदच्या ऑनलाइन सेंटरवर गेल्या. कामिनीचे बारावीचे सगळे अर्ज तिथेच भरले गेले होते. रुपचंदच्या कपाळावर घाम होता.

"माझ्याकडे रोज माणसं येतात, ताई. कागद ज्याचे त्याला परत देतो. आणि नुसत्या कागदांवर काही होत नाही. आधारला जोडलेल्या फोनवर नंबर येतो. तो सांगितल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. हिच्या आधारला प्रेमराज आबांचा फोन आहे. तो माझ्याकडे कुठून येणार?"

"तुमच्या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी बसतं?"

रुपचंदने मॉनिटरवरची धूळ उगाच पुसली. "नाही."

सोमवारी नूतनताईंनी पुन्हा माणूस पाठवला, तर सेंटरला कुलूप होतं. शेजारचा न्हावी म्हणाला, रुपचंद बायकोमुलांना घेऊन कुठेतरी गेला, कुठे ते सांगितलं नाही.

४

कामिनीने आता एकटीने बाहेर पडणं सोडलं. वर्गात नाडी मोजायला शिकवत होते. तिने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढलीच नाहीत. आपण आहोत याची खात्री करत बसलेली मुलगी, असं तिचं झालं होतं. हजेरीत ती आपल्या नावाची वाट बघत बसायची.

संध्याकाळी मेस सुटल्यावर पुन्हा तो नंबर झळकला. मेघा म्हणाली, उचलू नकोस. कामिनीने उचलला. भीती इतकी साचली होती की आता तिचा राग झाला.

"कोण आहेस तू? मला मारायचंय तुला? ऐक, मी मेलेली नाही! ऐकतोयस ना? मी जिवंत आहे!"

पलीकडून एक कापरा, पोरसवदा आवाज आला.

"ताई... मी बी जित्ता शे."

५

त्याचं नाव अभिमन. यावलकडचा, केळीच्या बागेत कामाला जाणारा. तो धुळ्याला आला तेव्हा नूतनताईंच्या बैठकीत खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्यालाही शिकायचं मनात आलं, त्यानेही अर्ज केला, आणि तोही मयत निघाला. जळगावच्या कार्यालयात विचारलं तेव्हा कोणीतरी त्या एकाच संस्थेतली पाच मयत नावं वाचून दाखवली. त्यात कामिनीचं होतं. तिच्या गावच्या किराणा दुकानातून त्याने तिचा नंबर मिळवला होता.

"मेलेल्या मानसाले फोन लावला आनि तुम्ही हॅलो म्हनल्या," तो म्हणाला. "माझी तर बोबडीच वळली. वाटलं, हे त्याच लोकांचं जाळं असंल."

"संस्थेत गेला होतास?" नूतनताईंनी विचारलं.

"गेलो. अभिमनचा भाऊ म्हनून गेलो. ते म्हनाले, तुझा भाऊ विहिरीत पडून गेला. पाचीच्या पाची विहिरीत पडून गेले म्हने. तपासनीसालाबी तसंच लिहून दिलंय."

"तुझे कागद कोणी नेले होते?"

"एक सर. गाडीवर यायचे. लॅपटॉप भेटंल म्हनायचे. नाव नाही सांगितलं कधी."

कामिनीला त्याच दुपारी भूषणचा फोन आला. मामींची तब्येत बिघडलीय, मी धुळ्यातच आहे, गाडीवर घेऊन जातो. ती तशीच निघाली. अमळनेर मागे पडलं, तेव्हा तिला आठवलं की आपण नूतनताईंना सांगितलंच नाही.

तापीच्या पुलाच्या अलीकडे तिचा फोन वाजला.

"कामिनी, नीट ऐक," नूतनताई म्हणाल्या. "मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचं कारण नसतं. पोर्टलवर नुसतं मयत आहे. विहीर फक्त त्या संस्थेच्या पत्रात आहे. मी आत्ता तुझ्या आईशी बोलले. तिला विहिरीचं माहीत होतं. तिला कोणी सांगितलं?"

कामिनीच्या डोळ्यांपुढे आईच्या डोक्यावरून फिरणारा तो हात आला. आपल्या शेतात विहीरच नाही, तर पोर विहिरीत पडेल कशी? तेव्हा अभिमन कुणाला ठाऊकही नव्हता.

"तू कुठे आहेस? कोणाबरोबर? नाव घेऊ नकोस, नुसतं हो म्हण. भूषण आहे?"

"हो," कामिनी म्हणाली. "प्रॅक्टिकलची वही मेघाकडेच आहे. मी घरी जातेय."

फोन ठेवेपर्यंत मोटारसायकलचा वेग कमी झाला होता. पुलाच्या मध्यावर भूषणने ती कठड्याला लावली आणि किल्ली काढून घेतली. खाली तापीचं पाणी संथ, गढूळ होतं.

"वकीलबाई होत्या ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. भूषणने तिचं मनगट धरलं.

"तक्रार मागे घे, कामिनी. फी मी भरतो. दोन्ही पाय धरतो तुझे. ती माणसं मला सोडणार नाहीत."

"आबांचा फोन तूच घेतला होतास," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. "आणि माझा अंगठाही. लॅपटॉपसाठी म्हणून मशिनवर ठेवायला लावलास आणि माझ्या नावाने खातं उघडलंस."

"तू शिकशील असं कोणाला वाटलं होतं?" तो एकदम ओरडला. "दोन वर्षं चुलीपुढं बसलेली पोर! आता लग्न होईल, ही काही कॉलेजला जात नाही, असं मीच त्यांना सांगितलं. कोणाचं काय नुकसान होणार होतं?"

तिने कठड्याकडे पाहिलं. त्याने ढकललं असतं का, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. तेवढ्यात मागून केळी कापून परतणाऱ्या बायकांचा ट्रॅक्टर आला. कामिनीने मोकळा हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून किंचाळली. ट्रॅक्टर थांबला. वीस-पंचवीस डोळे भूषणवर रोखले गेले, आणि मनगटावरची पकड सुटली. बायकांनी तिला वर ओढून घेतलं. कोणी काही विचारलं नाही. एकीने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

घरी पोचली तेव्हा सुनंदाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिला साधं पडसंही झालेलं नव्हतं.

६

चौकशी जळगावला झाली. शिष्यवृत्तीचे जिल्ह्याचे साहेब टेबलामागे, डावीकडे त्या संस्थेचा संचालक, पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या. भिंतीशी पोलिसांच्या मध्ये, कामिनीच्या फिर्यादीवरून पकडलेला भूषण बसला होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. रुपचंदही परत आला होता. दुपारी सेंटर रिकामं असताना भूषणला आपल्या कॉम्प्युटरवर बसू द्यायचो, हे त्याने कबूल केलं. पळालो ते फक्त भीतीने, म्हणाला.

"हे घरातल्याच माणसाचं काम, हे मला पहिल्यांदा आधारला जोडलेल्या फोनमुळे कळलं," नूतनताई म्हणाल्या. "प्रेमराज आबांचा फोन परक्याच्या हाती जात नाही. पण नातेवाईक म्हणजे गुन्हेगार नव्हे. विहिरीने ते पक्कं केलं. जे फक्त संस्थेला माहीत होतं, ते भूषणच्या तोंडून बाहेर पडलं. बारावीनंतर ज्यांचं शिक्षण सुटलं, अशी मुलं तो शोधायचा. ती पुन्हा कॉलेजचं तोंड बघणार नाहीत, या हिशेबावर हा धंदा उभा होता. पडताळणी आली तेव्हा माणसं समोर उभी करता येईनात. मग त्यांना मारलं."

संचालक हसला. "दाखले ग्रामपंचायतीचे आहेत, मॅडम. विद्यार्थी मेले तर संस्थेचा काय दोष?"

"साहेब, नावं पुकारा."

साहेबांनी घसा साफ केला. "अभिमन..."

"हजर," अभिमन उभा राहिला. त्याने नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

मग हितेंद्र नावाचा एक मुलगा उठला. मग रावेरकडची एक मुलगी, कडेवर बाळ घेऊन. मग साहेब म्हणाले, "कामिनी प्रेमराज."

कामिनी उठली. इतके दिवस ज्याला ती घाबरत होती तो संचालक हाताच्या अंतरावर होता, आणि तो आता तिच्याकडे नव्हे, दाराकडे बघत होता. दारात हवालदार होता.

"हजर," ती म्हणाली.

तिच्या नावापुढचा मयत शेरा आजच काढतो, धुळ्याहून अर्ज मंजूर होईल, असं साहेबांनी तिथेच सांगितलं. मग त्यांनी पाचवं नाव घेतलं. "सारिका निंबा."

कोणी उठलं नाही. साहेबांनी पुन्हा पुकारलं. कामिनीने अभिमनकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून बसला होता.

मागच्या बाकावरून एक सावळी, वाळलेली बाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने दोन्ही हातांनी सारखा केला.

"या शेवंताबाई," नूतनताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सारिकाची आई. सारिका खरंच गेली. तापाने. बारावी झाली होती, पुढे शिकायचं होतं. तिच्या मागेही संस्थेने तिचं नाव चालू ठेवलं होतं. पडताळणीची कुणकुण लागली तेव्हा खरा दाखला जोडून ते बंद केलं, आणि कोणी एक प्रश्नही विचारला नाही. त्यावरून ह्यांना युक्ती सुचली. बाकीचे चार दाखले तिच्याच दाखल्यावर नाव बदलून काढलेत. पाचांवर नोंदणी क्रमांक एकच आहे."

संचालकाचं हसू मावळलं. हवालदार आत आला. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी फोन लावला. शेवंताबाईला त्या गडबडीचं काही नव्हतं. ती चालत टेबलापाशी आली.

"साहेब, मनी सारिका कॉलेजमा व्हती असं म्हनतस ना तुम्ही?"

साहेबांनी मान हलवली आणि समोरचे कागद चाळले. त्या संस्थेने न घेतलेल्या परीक्षांचे गुणही लिहून ठेवले होते.

"मंग पास व्हयनी का ती?"

साहेब कागदाकडे बघत राहिले. कामिनी पुढे झाली. साहेबांच्या हातातून तिने तो कागद घेतला, शेवंताबाईच्या शेजारी उभी राहिली आणि एकेका विषयाचं नाव वाचून, त्यापुढचा आकडा बोटाने दाखवत गेली.

"व्हयनी, मावशी," ती म्हणाली. "बठ्ठा, सगळा विषयमा पास व्हयनी."

शेवंताबाईने आकड्यांवरून हात फिरवला. मग पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि यावलची गाडी कुठून सुटते, ते विचारलं.